डोणीतलं पाणी

डोणीत कारंजं पहिल्यांदा उडालं, त्या सकाळी दिवाकररावांनी वाटीभर पेज संपवली. अरुंधतीला, त्यांच्या बायकोला, खरंच वाटेना. तिनं वाटी उजेडाकडे धरून पाहिली, चमच्यानं तळ खरवडला आणि उरलेला अर्धा चमचाही त्यांच्या ओठांशी नेला. तोही त्यांनी घेतला. ठसका लागला नाही. गळ्याची घाटी हळूच वर गेली, खाली आली. नजर मात्र एकदाही वाटीकडे वळली नाही. ती समोर, कढीलिंबाच्या पुढ्यात ठेवलेल्या दगडी डोणीवर खिळली होती.

झटका येऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि गिळणंही निम्मं गेलं. एकतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून झाशी ते बीना आणि बीना ते झाशी करणारा गार्ड, सुट्टीच्या दिवशी घर डोक्यावर घेणारा माणूस, आता बसवला तर बसत होता, निजवला तर निजत होता. बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला होता: "बरोबर." भूक लागली तरी बरोबर, पाठ दुखली तरी बरोबर, अंथरूण ओलं झालं तरी बरोबर. अरुंधती सुरावरून अर्थ लावायची. बहुतेक वेळा लागायचा.

खाण्याचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. डाळभात मिक्सरमधून काढायचा, गाळायचा, फार पातळ झाला तर ठसका लागतो म्हणून त्यात सातूचं पीठ कालवायचं आणि चमचा-चमचा करत दीड तास बसायचं. चार-पाच चमच्यांनंतर दिवाकरराव तोंड मिटून घ्यायचे. दर महिन्याला वजन उतरत होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "वजन और गिरा तो नाक से नली डालनी पड़ेगी, आंटी जी." अरुंधतीनं रुग्णालयात तसा एक म्हातारा पाहिला होता. नाकातली नळी उपसून काढू नये म्हणून त्याचे दोन्ही हात खाटेला पट्टीनं बांधले होते. तो कुणाकडे बघत नव्हता. त्या दिवसापासून तिनं मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी हे होऊ द्यायचं नाही.

कारंजं पाठवलं आभानं, इंदूरच्या मुलीनं. बशीएवढी काळी चकती, वर सौरपट्टी, मधोमध नळकांड्यासारखं तोंड. ना तार, ना बटण. आभा फोनवर म्हणाली होती, "आई, तू बस पानी भरून त्यावर सोडून दे. धूप लगली की अपने आप चालतं. बाबांना खिडकीतून दिखेल, मन लागेल त्यांचं."

अरुंधतीनं तिच्या माहेरची डोणी त्याला काढली. इथेच झाशीत, बडा बाजारामागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं घर होतं; ते विकलं तेव्हा तिनं एवढी एकच वस्तू मागून घेतली होती. डोणी खोल होती, म्हणून तिनं कडेकडेनं धोंडे रचले, म्हणजे पाखरांना उभं राहता येईल. पाणी भरलं, चकती सोडली. उन्हाची तिरीप पट्टीवर आली आणि वीतभर उंच धार उडाली. पट्टीवर हाताची सावली धरली तर थांबली, हात काढला तर पुन्हा उडाली.

चैत्र संपायच्या आत सगळ्या कॉलनीतल्या पाखरांना पत्ता लागला. आधी चिमण्या आल्या, मग बुलबुल. सातभाई यायचे ते टोळीनंच, भांडत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. साळुंक्या आल्या की बाकीचे बाजूला व्हायचे. आणि होले. राखी-तपकिरी, गळ्याशी बारीक ठिपके असलेले, गरीब पाखरू. ते जोडीनं यायचे, चोच पाण्यात बुडवून एका दमात प्यायचे आणि काठावरच डोळे मिटून बसायचे. बाहेर सेहेचाळीस अंश. गटारं वाळलेली, तळी वाळलेली. दिवाकरराव मागच्या ओसरीवर खुर्चीत बसायचे आणि नवं पाखरू उतरलं की त्यांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर एकदा टकटकायचं. आयुष्यभर डबे मोजले, आता हे, असं अरुंधतीला वाटायचं. ते मोजण्यात गुंतले की तोंड आपोआप उघडायचं. ती चमचा सरकवायची. महिन्याभरात वजन दोन किलोंनी वाढलं. डॉक्टर म्हणाले, "नली का अभी नहीं सोचते."

त्यांना ओसरीवर आणायचं काम शेजारचा रामसेवक करायचा. तो बिजौलीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा खरादी होता. रोज सकाळी सातला, कामावर निघायच्या आधी, मागच्या दारानं यायचा, दिवाकररावांच्या काखेत हात घालून त्यांना उचलायचा. "उठिए गार्ड साहब, लाइन क्लियर है." नऊ महिने हे चाललं होतं. अरुंधतीनं कधी मागितलं नव्हतं आणि त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता, स्वतःच्या घरी पाहुणे असले तरी.

रामसेवकला एकच नाद होता, कबुतरांचा. गच्चीवर त्यानं लाकडी खुराडं बांधलं होतं आणि त्यात बेचाळीस कबुतरं होती. पांढरी, काबरी, पंख्यासारख्या शेपट्यांची. त्याच्या वडिलांच्या कबुतरांची ती वेल होती. संध्याकाळी तो शीळ घालून त्यांना उडवायचा. तीही हळूहळू डोणीवर उतरू लागली. रामसेवक हसला होता. "भाभी जी, हमाए मटके का पानी अब इनको नहीं सुहाता. नवाबों को फव्वारा चइए."

नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. अरुंधती डोणीत रोज चार तांबे भर घालायची, उन्हानं आटलेलं भरून काढायची. डोणी उपसून रिकामी केली नाही. पाणी खेळतं आहे, खेळतं पाणी नासत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण हे पाणी कुठून येत नव्हतं आणि कुठे जात नव्हतं. तेच वर उडत होतं, तेच खाली पडत होतं.

मेच्या मध्यावर पहिला होला सापडला. कढीलिंबाच्या बुंध्याशी पिसं फुलवून बसला होता, तिला बघूनही उडाला नाही. तिनं उचलला तर हाताला नुसती हाडं लागली. चोच थोडी उघडी, गळा सुजलेला. तो सतत गिळायचा प्रयत्न करत होता आणि त्याला गिळता येत नव्हतं. तिनं बोटानं चोच उघडून पाहिली. आत घशात दह्याच्या गुठळीसारखं पिवळं काहीतरी साचलं होतं.

दुपारी तो मेला. ऊन लागलं असेल म्हणून तिनं कुंपणाशी खड्डा करून पुरला. दोन दिवसांनी आणखी दोन सापडले, चौथ्या दिवशी तीन. तेव्हा तिनं एका जिवंत होल्याला चपलांच्या खोक्यात घातलं, मोलकरणीला दिवाकररावांपाशी बसवलं आणि ई-रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर तरुण होता. होल्यासाठी कुणी इतक्या लांब आलं याचं त्याला नवल वाटलं. त्यानं विजेरी लावून घसा पाहिला. "गले का रोग है. एक बीमार पंछी पानी में मुँह डालता है, बाकी सब वही पानी पीते हैं. घर में पानी रखती हैं?"

"फव्वारा है. पानी चलता रहता है."

"वही पानी घूमता है न?"

तिनं खोक्यातल्या होल्याकडे पाहिलं.

"बंद कर दीजिए. आज ही. सब पानी फेंकिए, रगड़ के धोइए और पंद्रह-बीस दिन सूखा पड़ा रहने दीजिए. यहाँ भीड़ नहीं लगेगी तो बीमारी भी नहीं फैलेगी." मग त्यानं खोक्याचं झाकण लावत विचारलं, "आसपास कोई कबूतर पालता है क्या? पालतू हों तो पानी में दवा दे के बचाए जा सकते हैं. जल्दी दें तो."

अरुंधतीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "नहीं."

का म्हणाली, हे तिला तिथे कळलं नाही. रिक्षात बसल्यावर कळलं. हो म्हटलं असतं तर रामसेवकला सांगावं लागलं असतं. त्याला सांगितलं की कारंजं त्याच दिवशी बंद. आणि कारंजं बंद झालं की पेजेची वाटी भरलेलीच राहणार.

तरी घरी येऊन तिनं डोणी उपसली. धुतली, उन्हात उलटी घातली, चकती फडताळात ठेवली. दुसऱ्या सकाळी रामसेवकनं दिवाकररावांना खुर्चीत बसवलं आणि डोणी उलटी बघून विचारलं, "काय भाभी जी, फव्वारा बिगड़ गओ का?"

"साफ करतेय. कर रही हूँ."

दिवाकररावांनी डोणीकडे पाहिलं. मग मान डावीकडे, भिंतीकडे वळवली. तिनं चमचा पुढे केला. ओठ मिटलेले. "अहो, घ्या ना. एवढा एकच." दोन चमचे गेले, तिसऱ्याला ठसका लागला. दुपारी तेच, रात्री तेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवसभरात अर्धी वाटी घेतली आणि तिसऱ्या दिवशी चमचा लांबूनच बघून तोंड फिरवलं. गालफडं आत गेलेली दिसत होती.

चौथ्या दिवशी सकाळी अरुंधतीनं डोणी सरळ केली, पाणी भरलं आणि चकती सोडली.

तिनं स्वतःला बजावलं की आता आपण काळजी घेऊ. एक दिवसाआड डोणी ब्लीचिंग पावडरनं घासायची, कढत पाण्यानं धुवायची, नवं पाणी भरायचं. तिनं ते केलंही, गुडघे दुखेपर्यंत केलं. पण भरलेल्या पाण्यावर तासाभरात पहिला आजारी होला येऊन चोच बुडवायचा, आणि त्याच्या शेजारी निरोगी आठ उभे असायचे. ती हातातलं फडकं हलवून त्याला हाकलायची. तो कुंपणापर्यंत जायचा आणि परत यायचा. दिवाकरराव बोट टकटकवत पेज प्यायचे. रोज सकाळी रामसेवक यायच्या आधी ती परसात एक फेरी मारायची आणि जे सापडेल ते पुरायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रामसेवक एकदा गप्पच आला. दिवाकररावांना बसवून झाल्यावर दाराशी थांबला. "भाभी जी, कबूतर दाना नहीं छू रहे. दो कल मर गए. गला सूजा है. हल्दी दी, फिटकरी दी. नज़र लग गई, घरवाली कहती है."

"किसी को दिखाया?"

"कबूतर को कौन देखता है."

त्या वेळी तिनं सांगायला हवं होतं. दवाखाना कुठे आहे, औषध आहे, पाण्यातून द्यायचं असतं, सगळं तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं, "चाय लेंगे?" तो नको म्हणून गेला.

पुढचे पाच दिवस तिला गच्चीवरची शीळ ऐकू आली नाही. सकाळी रामसेवक यायचा, उचलायचा, जायचा. "लाइन क्लियर" म्हणणं त्यानं सोडलं. किती गेली हे ती विचारायची आणि तो सांगायचा. सात. मग अकरा. मग एके दिवशी एकोणीस. ती "अरेरे" म्हणायची. तिचा तो "अरेरे" तिलाच ऐकवत नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी तिनं दिवाकररावांच्या पायांना तेल लावता लावता सगळं त्यांना सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला, आपण काय म्हणालो, रामसेवकची किती गेली. ते शांतपणे ऐकत होते. ऐकत होते की नाही, कोण जाणे. तिचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "बरोबर."

सुरावरून तिला काहीच अर्थ लागला नाही.

दुसऱ्या सकाळी रामसेवक आला तेव्हा त्याच्या हातात गमछ्यात गुंडाळलेली एक पांढरी मादी होती. मान लुळी पडली होती. "अम्मा के टाइम की है," तो म्हणाला. "सबसे पुरानी. सोचा, आप पढ़ी-लिखी हैं, एक बार देख लें." त्यानं बोटानं चोच उघडून दाखवली. आत तेच पिवळं.

अरुंधतीनं डोणीकडे बोट दाखवलं. "यहीं से लगा है. इसी पानी से. डॉक्टर ने मुझे बताया था."

रामसेवकला पहिल्यांदा कळलं नाही. त्यानं कारंज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कौन डॉक्टर ने?"

"जानवरों के. होला लेकर गई थी. उन्होंने कहा था बंद करो. दवा भी बताई थी, पाले हुए कबूतरों की. मैंने बंद नहीं किया. इनका खाना..."

"कब की बात है?"

"अठारह दिन."

त्याचे ओठ हलले, बहुधा मनात हिशेब करत होता, अठरा दिवसांपूर्वी गच्चीवर सगळी बेचाळीस होती का. होती. मग त्यानं गमछा ओसरीच्या कठड्यावर अलगद ठेवला, आत गेला, दिवाकररावांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, आणून खुर्चीत बसवलं, पाय पायपट्टीवर नीट ठेवले. गमछा उचलला आणि गेला. मागचं दार त्यानं रोजच्यासारखंच ओढून घेतलं.

अरुंधतीनं दवाखान्याचा पत्ता आणि औषध पाण्यातून द्यायचं असतं हे कागदावर लिहून त्याच्या बायकोच्या हातात नेऊन दिलं. तिनं कागद घेतला आणि दार लावलं. औषधानं अकरा वाचली. एकतीस गेली. अम्माची पांढरी त्याच संध्याकाळी गेली होती.

डोणी अरुंधतीनं त्या दिवशीच रिकामी केली. दुसऱ्या सकाळी सात वाजले, सव्वासात वाजले. मागचं दार वाजलं नाही. आठला तिनं मोलकरणीच्या मदतीनं दिवाकररावांना उठवायचा प्रयत्न केला. ते दोघींच्या हातांतून घसरले आणि खाटेच्या कडेवर आपटले. कपाळाला खोक पडली. त्यानंतर ते खाटेवरच राहिले. आभानं येऊन एक माणूस ठेवला. तो चार दिवस येई, तीन दिवस दांडी मारी. आणि खुर्चीत बसवलं तरी समोर बघायला उरलं काय होतं? कोरडी डोणी आणि कढीलिंब. एखादा होला चुकून यायचा, काठावर बसून आत डोकावायचा आणि निघून जायचा. त्यांचं बोट दांड्यावर पडून राहायचं, हलायचं नाही.

जुलैत रुग्णालयात नळी घातली. दिवाकररावांनी ती दोनदा उपसून काढली, डाव्या हातानं. तिसऱ्यांदा नर्सनं पट्टी आणली तेव्हा अरुंधतीनं ती तिच्याकडून घेतली आणि स्वतः बांधली. सैल बांधली, दोन बोटं आत जातील एवढी. आभा दारात उभी राहून रडत होती. "आई, मत कर ना." अरुंधतीनं गाठ मारली.

नळीवर ते सात आठवडे जगले. शेवटी फुप्फुसात कफ साचला आणि भाद्रपदात एका पहाटे गेले. अंत्ययात्रेला रेल्वेतले जुने आठ-दहा सोबती आले. तिरडी उचलायच्या वेळी रामसेवक कुठूनसा आला, पुढच्या उजव्या दांड्याखाली खांदा दिला आणि घाटापर्यंत तो बदलू दिला नाही. परतल्यावर अरुंधतीला त्यानं हात जोडले.

तेरावं झाल्यावर आभा इंदूरला गेली. त्या संध्याकाळी अरुंधती पहिल्यांदा शेजारच्या गच्चीवर गेली. रामसेवकच्या बायकोनं तिला बघून पदर सावरला आणि जिन्याकडे नुसतं बोट केलं. वर रामसेवक उकिडवा बसून बाजरी टाकत होता. अकरा कबुतरं त्याच्या भोवती होती. बाकीचं खुराडं रिकामं, धुऊन पुसून ठेवलेलं.

"माफी मांगने आई हूँ," ती म्हणाली. "पहले ही आना था."

त्यानं मूठ रिकामी केली. "बैठिए."

ती उलट्या बादलीवर बसली. कबुतरं टिपत होती.

"एक बात पूछनी थी," तो शेवटी म्हणाला. तिच्याकडे न बघता. "उसी दिन बता देतीं तो मैं क्या करता, आपने क्या सोचा था?"

"फव्वारा बंद कराते. और इनका खाना छूट जाता."

"मैं अपने कबूतर बंद कर लेता," रामसेवक म्हणाला. "जाली लगी है, देखिए. महीना भर अंदर रखता, अपना पानी पिलाता. फव्वारा आपका चलता रहता. गार्ड साहब का खाना मैं बंद कराता क्या?"

अरुंधतीनं जाळीकडे पाहिलं. बारीक तारेची, चांगली भक्कम जाळी होती. दाराला कडी होती. तिच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं. एवढ्या दिवसांत, इतक्या वेळा त्याला दारात उभा पाहून, एकदाही नाही. होले तरीही मेले असते, ते पाप तिचंच राहिलं असतं. पण ही एकतीस मेली नसती. आणि सात वाजता मागचं दार वाजत राहिलं असतं.

"नहीं," ती म्हणाली. "नहीं कराते."

त्यानं मान हलवली. उरलेली बाजरी डब्यात ओतली, झाकण लावलं. ऊन उतरलं होतं. तो उठून कबुतरांना एकेक करून आत घालू लागला, तशी तीही उठली आणि जिन्याकडे वळली.

"तीसरी सीढ़ी टूटी है," तो मागून म्हणाला. "देख के उतरिएगा."

ती भिंतीला हात लावून, बघून उतरली.